आडतीच्या पट्टीपासून सुरुवात: चांगला प्रोग्रॅमर व्हायला काय काय लागतं

आपल्याकडं दहावीला बरे मार्क पडले की लेकराची रवानगी लातूरला नाहीतर नांदेडला होते. खोली, मेस, क्लास आणि प्रश्नसंच. सोडव, तपास, चुकलेलं परत सोडव. या ‘लातूर पॅटर्न’मधून कॉम्प्युटर ब्रँचला पोचलेली पोरं मला दरवर्षी भेटतात आणि पहिल्याच वाक्यात विचारतात, “सर, कोणती लँग्वेज करू? कोणता क्लास लावू?”

पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. रोज सहा तास एका जागी बसायची सवय त्यानं लागते, आणि ती या धंद्यात सोन्यासारखी आहे. पण तिथं प्रश्न छापून हातात येतो आणि उत्तर शेवटच्या पानावर असतं. प्रोग्रॅमरला प्रश्नच कुणी नीट सांगत नाही. “हिशोब लवकर व्हायला पाहिजे बघ,” एवढंच सांगून समोरचा चहा प्यायला निघून जातो.

म्हणून भाषा आणि क्लास ठरवायच्या आधी एक माणूस ठरवा. ओळखीतला, रोज ज्याचं डोकं एखाद्या किचकट कामानं उठतं असा. त्याच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहा, त्याला वापरायला द्या आणि वर्षभर सांभाळा. प्रोग्रॅमिंगमधलं जे काही शिकायचं असतं त्यातलं बरंचसं त्या एका वर्षात आपणहून अंगावर येतं. माझा माणूस होता मामा. तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचं) आहे, म्हणून पुढची उदाहरणं आडतीचीच येतील. तुमचा माणूस दूध संकलन केंद्रवाला, मेसवाल्या काकू किंवा पाणीपट्टी लिहिणारा शिपाई असला तरी चालेल.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. वापरलेला लॅपटॉप चालतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघून घ्या. विंडोज रडत असेल तर तिच्या जागी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका. लॅपटॉप नसेल तर ॲन्ड्रॉइड फोनवर पायथन चालतं. ओटीजी केबलनं साधा कीबोर्ड जोडला की सुरुवातीचे दोन-तीन महिने निघतात.

भाषा पायथन घ्या. ती १९९१ साली ग्विदो व्हॅन रॉसम यांनी बाहेर आणली, फुकट आहे आणि नवख्याला कमी छळते. कॉलेजात सी शिकवत असतील तर तेही करा, दोन्हींचं भांडण नाही. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठी व्हिडिओ आहेत, इंग्रजी झेपत असेल तर हार्वर्डचा ‘सीएस फिफ्टी’ फुकट आहे, ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत. यातलं एकच धरा. तिन्ही धरणाऱ्याचं एकही पुरं होत नाही, हे मी स्वतःवरूनच सांगतो.

आणि दहा बोटांनी टायपिंग शिका. रोज पंधरा मिनिटं, एक महिना. याला लोक हसतात, पण कीबोर्डवर अक्षर शोधण्यात गुंतलेलं डोकं विचार कधी करणार?

पहिला महिना: कोड लिहायच्या आधी कागद

शेतकऱ्याचा माल विकला गेला की आडत्या त्याला हिशोबाची पट्टी देतो. किती कट्टे, ढोबळ वजन किती, बारदान्याचं (रिकाम्या पोत्यांचं) वजन वजा जाऊन निव्वळ किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, आधी उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली हातात येणारी रक्कम. मामा ही पट्टी पस्तीस वर्षं हातानं लिहितात आणि दसरा-दिवाळीच्या सोयाबीनच्या गर्दीत रात्री अकरापर्यंत लिहीत बसतात.

पावसाळ्यात मोंढा थंड असतो. सुरुवात तेव्हाच करा, म्हणजे दसऱ्यापर्यंत काहीतरी चालतं होईल. पहिलं काम म्हणजे जुन्या फाइलमधून दहा पट्ट्या मागून घ्या. एक साधी, एक उचल असलेली, एक अशी की ज्यात एकाच शेतकऱ्याचे दोन वेगळ्या भावाचे ढीग आहेत, एक खाडाखोड झालेली. त्या सगळ्या वहीवर स्वतः सोडवा. मी सोडवल्या तेव्हा दोन पट्ट्यांचं उत्तर माझ्याशी जुळेना. मामांना विचारलं तर म्हणाले, “अरे, त्या दोन पट्ट्यांतल्या कट्ट्यांना बारदाना धरत नाहीत, प्लास्टिकचे हायेत ते.” हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. पस्तीस वर्षं तो फक्त मामांच्या डोक्यात होता.

असले नियम बाहेर काढणं हे प्रोग्रॅमरचं निम्मं काम. त्यासाठी दुकानात जाऊन बसावं लागतं. फोनवर विचारून ते निघत नाहीत, कारण सांगणाऱ्याला ते नियम वाटतच नाहीत.

त्या दहा पट्ट्या जपून ठेवा. पुढं कोडमध्ये काहीही बदललं की त्या दहाही पट्ट्यांची उत्तरं पुन्हा जुळतात का बघायचं. कंपन्यांत याला टेस्ट म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं आणि अवजारं असतात. मूळ कल्पना एवढीच.

चूक वाचायला शिका

आता पहिला प्रोग्रॅम. दोन ढिगांचे कट्टे विचारायचे आणि बेरीज करायची. (या लेखात आकडे मराठीत छापलेत, कोडमध्ये ते इंग्रजीतच टाइप करा.) तुम्ही ५० आणि ४५ टाकता आणि पायथन सांगतं: ५०४५.

इथं पुष्कळ जण लॅपटॉप मिटतात. पण थांबून बघा, यंत्रानं काय केलं असेल? त्यानं ५० पुढं ४५ चिकटवले. कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनला आधी मजकूर असते, आकडा नव्हे. तो आकडा आहे हे ‘इंट’ वापरून तुम्ही सांगायचं असतं. संगणक तुमच्या मनातलं कधीच करत नाही, तुम्ही लिहिलेलं करतो. हे वाक्य सगळे ऐकतात, पण ५०४५ समोर दिसल्यावर ते कळतं.

यापेक्षा मोठी चूक झाली की स्क्रीनवर लाल-पांढऱ्या इंग्रजी ओळींचा ढीग पडतो. त्याला ट्रेसबॅक म्हणतात. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं: ‘नेमएरर’ म्हणजे तुम्ही वापरलेलं नाव त्याला माहीत नाही, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. ‘टाइपएरर’ म्हणजे मजकूर आणि आकडा एकत्र मिसळले. ‘व्हॅल्यूएरर’ म्हणजे आकडा मागितला आणि ‘बारा’ आलं. त्याच्या वरच्या ओळींत फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. तो नंबर आधी उघडा, गूगल नंतर.

एक वही करा. तारीख, चूक, मी काय समजलो होतो, खरं काय निघालं. चार रकाने. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सहा महिन्यांनी ती वही चाळली तर आपण त्याच त्या तीन-चार जागी धडपडतो हे दिसतं. माझं दुखणं होतं शेवटची नोंद सुटणं. अजूनही अधूनमधून सुटते.

एरर न देता चुकीचं उत्तर देणारा कोड जास्त वाईट. तिथं शेतकऱ्याची युक्ती वापरा. बोअरपर्यंत गेलेली केबल कुठं तुटली हे शोधायला कुणी सगळी केबल उकरत नाही. मध्यावर टेस्टर लावतात. तिथं करंट असला तर दोष पुढं, नसला तर मागं. मग उरलेल्या निम्म्याचा मध्य. कोडमध्ये टेस्टरच्या जागी ‘प्रिंट’ लावा आणि मध्यावरचं निव्वळ वजन बरोबर आहे का बघा. २०० ओळींच्या सलग हिशोबात असं आठ वेळा निम्मं केलं की दोषाची ओळ हातात येते. नवखा माणूस याऐवजी इकडची ओळ हलव, तिकडचा कंस काढ असं करत बसतो. मग एखाद्या वेळी प्रोग्रॅम चालतो, आणि का चाललं हे कळत नाही. ते चालणं काही कामाचं नाही.

एक रुपाया

पहिल्या सोयाबीनच्या आठवड्यात मामांचा फोन आला. “सोन्या, तुझ्या पट्टीत एक रुपाया कमी येऊलालाय बघ.”

हिशोब असा होता. २३ कट्टे, ढोबळ वजन १,३८० किलो. कट्ट्याला एक किलोप्रमाणे बारदाना २३ किलो वजा, निव्वळ १,३५७ किलो. भाव क्विंटलला ४,४५० धरला तर १,३५७ गुणिले ४,४५० भागिले १०० म्हणजे ६०,३८६.५० रुपये. मामा अर्धा रुपाया वर धरतात: ६०,३८७. प्रोग्रॅमनं दाखवले ६०,३८६.

पायथनचं ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडं नेतं. म्हणून २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. सगळेच अर्धे वर ढकलले तर मोठ्या बेरजेत फुगवटा येतो, तो टाळायला ही रीत आहे. शास्त्राच्या दृष्टीनं ती ठीक आहे, पण मोंढ्याची रीत वेगळी आहे आणि पट्टी मोंढ्यात जाणार आहे.

आणखी एक गंमत करून बघा. पायथनला ०.१ + ०.२ किती विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. दशमान पद्धतीत एकाचा तिसरा भाग जसा ०.३३३ करत संपत नाही, तसा बायनरीत, म्हणजे यंत्राच्या ०-१ च्या पद्धतीत, ०.१ संपत नाही. यंत्राला तो कुठंतरी कापावा लागतो. ही पायथनची चूक नाही. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला विचारलं तरी हेच येतं.

उपाय जुना आहे: पैशाचा हिशोब अपूर्णांकात करूच नका, पैशांत करा. ६०,३८६.५० रुपये म्हणजे ६०,३८,६५० पैसे, पूर्ण संख्या. त्यात ५० मिळवा, १०० नं पूर्णांक भागाकार करा, ६०,३८७ आले. दहा ओळींचं काम, पण त्यासाठी मी दोन रात्री बसलो होतो. एक रुपायासाठी एवढं कशाला, असं कॉलेजातल्या मित्रानं विचारलं होतं. ज्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी जाते तो ती घरी जाऊन पोराकडून तपासून घेतो. एक रुपाया चुकला की सगळ्या पट्टीवरचा विश्वास जातो.

माणूस काहीही टाइप करतो

तुम्ही वापरता तेव्हा प्रोग्रॅम चालतो, कारण काय टाकायचं नाही हे तुम्हाला माहीत असतं. दुकानातला मुनीम भाव ‘४,४५०’ असा स्वल्पविराम देऊन टाकतो आणि ‘इंट’ कोसळतं. तो वजनाच्या जागी नाव टाकतो, दोनदा एंटर दाबतो. तुम्ही त्याच्या मागं उभं राहा, तोंड बंद ठेवा आणि अर्धा तास नुसतं बघा. माझ्या मते यासारखं शिक्षण नाही, आणि यासारखी बोलती बंद करणारी गोष्टही नाही.

मराठीचा आपला एक वेगळा पसारा आहे. मुनिमानं फोनवरून ‘१२३’ असे मराठी आकडे टाकले तर पायथनचं ‘इंट’ ते निमूट घेतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. पण ‘मराठवाडा’ या शब्दाची लांबी विचारली तर ते ८ सांगतं. आपण म, रा, ठ, वा, डा अशी पाच मोजतो. ते काने वेगळे मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रीतीनं फाइलीत ठेवलं तर हाच शब्द २४ बाइट खातो, कारण त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पट्टीवर नावाचा रकाना वीस अक्षरांचा ठेवला आणि बाइटांवर कापला, तर ‘मराठवाडा’ सातव्या चिन्हाच्या मधेच तुटतो. बिघडलेली मराठी पावती तुम्ही पाहिली असेल, तिच्यामागं बहुतेक असंच काहीतरी असतं.

आमच्या यादीत एक शेतकरी दोनदा यायचा. आडनाव कऱ्हाळे, दोन्हीकडं डोळ्याला हुबेहूब सारखं. तरी यंत्र म्हणे, हे दोघं वेगळे. कारण ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत) एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही. दिसायला एकच, आत वेगळं. त्यावर नॉर्मलायझेशन नावाचा उपाय पायथनमध्ये तयार आहे. सगळी नावं आधी त्यातून काढायची. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ मात्र त्यानंही जुळत नाहीत, तिथं माणसालाच विचारावं लागतं. शेवटी आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला खाते नंबर दिला. वहीत तो आधीपासून होताच, मीच त्याला जुनाट समजून सोडून दिला होता.

लाईट गेली तर

ही माझी लाजेची गोष्ट. रोजच्या नोंदी मी एका फाइलीत लिहायचो. फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की त्या क्षणी तिच्यातलं जुनं सगळं पुसलं जातं, मग तुम्ही नवं लिहिता. मी प्रत्येक नोंदीला सगळी फाइल पुसून पुन्हा लिहीत होतो. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात लाईट गेली. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली. लाईट आली तेव्हा फाइल शून्य बाइटची होती. सव्वा महिन्याच्या नोंदी गेल्या. मामांनी कागदी पट्ट्यांच्या प्रती ठेवल्या होत्या म्हणून वाचलो, आणि चार रात्री आम्ही दोघं त्या परत भरत बसलो. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासूनची रीत: आधी दुसऱ्या नावाच्या फाइलीत पूर्ण लिहायचं, ती नीट लिहून झाली की मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवायचं. मधे लाईट गेली तरी जुनी शाबूत राहते. नोंदी वाढल्या की एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या, ही काळजी तो स्वतः घेतो; पायथनसोबतच येतो. आणि रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघा, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

कोडसाठी गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं अवजार. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सचं काम सांभाळण्यासाठी ते लिहिलं. सुरुवातीला पाच आज्ञा पुरतात: इनिट, ॲड, कमिट, डिफ, लॉग. प्रत्येक कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, ‘बदल केला’ असं लिहू नका. ‘प्लास्टिक कट्ट्याला बारदाना धरला नाही’ असं लिहा, सहा महिन्यांनी तुम्हीच ते वाचणार आहात. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) टाकताना शेतकऱ्यांची नावं, फोन, रकमा सोबत जाऊ देऊ नका. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ साली झालाच आहे, पण कायदा नसता तरी कुणाची उचल किती हे जगाला दाखवायची गोष्ट नाही.

हळू चालतंय

दुसऱ्या वर्षी यादी ५,००० नावांची झाली. दुबार नावं शोधायला मी प्रत्येक नावाची प्रत्येकाशी तुलना केली. त्या १,२४,९७,५०० तुलना होतात. प्रोग्रॅम सुरू करून चहा पिऊन यावं लागायचं. मग नावं ‘सेट’मध्ये (एखादी गोष्ट आत आहे का हे लगेच सांगणाऱ्या यादीत) टाकत गेलो, आधीच आहे का विचारत. ५,००० वेळा विचारलं, झालं. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

कॉलेजात डेटा स्ट्रक्चर नावाचा विषय असतो तो हाच, आणि तो मी पहिल्यांदा पाठ करून पास झालो होतो. आता परत वाचा. लिस्ट, डिक्शनरी, सेट, सॉर्टिंग, बायनरी सर्च एवढं पक्कं करा. क्रमानं लावलेल्या दहा लाख नावांत एक नाव २० तुलनांत सापडतं, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ आहे. केबलवाली युक्तीच ती.

दुसऱ्याचा कोड, इंग्रजी आणि एआय

लिहिण्याइतकंच वाचा. आठवड्यातून एकदा दुसऱ्याचा शंभर-दीडशे ओळींचा प्रोग्रॅम घ्या आणि प्रत्येक ओळ मराठीत मोठ्यानं समजावून सांगा. आजीला सांगा, ती हो-हो म्हणेल. जिथं तुमचं बोलणं अडखळतं तिथंच तुम्हाला कळलेलं नसतं.

इंग्रजीची भीती उगाच मोठी झाली आहे. लागतं ते वाचायचं इंग्रजी, आणि डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी दोन-तीनशे शब्दांतच फिरत असतं. रोज एक पान वाचा. बोलायचं नंतर जमतं.

एआय वापरा, पण क्रम पाळा. आधी स्वतः वीस मिनिटं झटापट, मग विचारणं. विचारताना ‘कोड दे’ म्हणण्यापेक्षा ‘ही ओळ का चुकते’ असं विचारा. त्यानं दिलेली ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर ती फाइलीत जाऊ देऊ नका. माझ्या एका ओळखीच्या पोरानं एआयकडून पट्टीचा प्रोग्रॅम दहा मिनिटांत करून घेतला. दिसायला माझ्यापेक्षा देखणा. प्लास्टिकच्या कट्ट्यांना त्यात बारदाना धरलेला होता.

नोकरी

थोडक्यात. रोज दोन तास असे दीड-दोन वर्षं दिले तर पुण्यात पहिल्या मुलाखतीला बसण्याइतकी तयारी होते, असा माझा अंदाज आहे. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला एकरकमी पैसे भरू नका. मी भरले होते. बायोडाटावर आठ भाषांची नावं लिहिण्यापेक्षा मामांच्या पट्टीवर सहा ओळी लिहा. मुलाखत घेणारा त्यावरच प्रश्न विचारतो, आणि सव्वा महिन्याच्या नोंदी कशा गेल्या हे तुम्ही न लपवता सांगितलंत की पुढची वीस मिनिटं तुमची. मी मुलाखती घेतो तेव्हा “तुमचा प्रोग्रॅम कधी पडला?” एवढं एक विचारतोच. “कधीच नाही,” म्हणणाऱ्याचा प्रोग्रॅम कुणी वापरलेला नसतो.

एक वर्षानंतर

जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली आणि मामांचा फोन आला. हमालीचा दर कट्ट्यामागं एक रुपायानं वाढला होता. “पाच मिन्टाचं काम हाय ना?” ते म्हणाले.

मी कोड उघडला. हमालीचा दर तीन ठिकाणी लिहिलेला होता. दोन ठिकाणी ८, आणि तिसऱ्या ठिकाणी, दिवाळीच्या घाईत रात्री साडेबाराला लिहिलेल्या एका ओळीत, ‘१८४’. नुसता आकडा, नाव नाही, टीप नाही. हे १८४ कुठून आले हे आठवायला मला पाऊण तास लागला: २३ कट्टे गुणिले ८. एका पट्टीचं उत्तर जुळेना म्हणून मी ते तिथं हातानं बसवलं होतं. त्यानंतरच्या किती पट्ट्यांत ते गेलं असेल, हे बघायला मी गिटचा लॉग उघडला आणि मामांना सांगितलं, “मामा, आज रात्री जुन्या पट्ट्यांची फाइल काढून ठेवा, मी येतो.”